विंडसर्फिंगसाठी लाइफ जॅकेट, बोयन्सी व्हेस्ट की इम्पॅक्ट व्हेस्ट?

विंडसर्फिंगमध्ये, म्हणजे शीड लावलेल्या बोर्डवर उभं राहून वाऱ्यावर जाण्याच्या खेळात, सगळ्यात मोठं तरंगणारं साधन अंगावर नसतं, पायाखाली असतं. शिकाऊ बोर्ड आकारमानाने १८० ते २२० लिटरचा असतो. त्याचं स्वतःचं वजन वजा केलं तरी तो दीडशे किलोहून जास्त भार पेलतो. त्याच्यापुढे ५० न्यूटनच्या व्हेस्टची उचल जेमतेम ५ किलो. म्हणूनच बरेच सराईत लोक विचारतात, बोर्ड असताना जॅकेट कशाला?

बोर्ड हाताशी असेपर्यंत हा प्रश्न रास्त आहे. पण व्हेस्ट घ्यायची ती बोर्ड हाताशी नसतो त्या मिनिटांसाठी, आणि ती मिनिटं कधी येतील हे आपण ठरवत नाही. त्यामुळे प्रत्येक पर्याय दोन प्रश्नांवर तपासावा. बोर्ड सुटला तर ही वस्तू काय करते? आणि बोर्ड सुटलेला नसताना, म्हणजे जवळजवळ सगळा वेळ, ती किती आड येते? या दोन उत्तरांची ओढाताण समजली की निवड बरीच सोपी होते.

लेबलवरचे आकडे काय सांगतात

तरंगण्याच्या साधनांसाठी आयएसओ १२४०२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात ५०, १००, १५० आणि २७५ न्यूटन अशा पायऱ्या आहेत. १० न्यूटन म्हणजे साधारण १ किलोची उचल, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. लेबलवरची पातळी प्रौढ माणसाच्या हिशेबाने असते. कमी वजनाच्या लहान मापात प्रत्यक्ष उचल त्याहून कमी असू शकते, म्हणून लेबलवर वजनाचा पट्टाही छापलेला असतो. तो वाचल्याशिवाय विकत घेऊ नये.

खऱ्या अर्थाने 'लाइफ जॅकेट' म्हणायचं ते १०० न्यूटनपासून पुढचं. त्याचा फोम मुद्दाम छातीवर आणि मानेमागे जास्त असतो, कारण बेशुद्ध माणसाला पालथ्याचा उताणा करून तोंड पाण्याबाहेर ठेवणं हे त्याचं काम असतं. १०० न्यूटन शांत, आडोशाच्या पाण्यासाठी, १५० खुल्या समुद्रासाठी आणि २७५ जड कपडे, अवजारं अंगावर असलेल्या लोकांसाठी.

५० न्यूटनची बोयन्सी व्हेस्ट ही वेगळ्या जातीची वस्तू आहे. ती पोहता येणाऱ्या, शुद्धीवर असलेल्या आणि मदत जवळ असलेल्या माणसासाठी बनवलेली असते. ती कुणाला उताणं करत नाही. बोलताना सगळेच तिलाही लाइफ जॅकेट म्हणतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

इम्पॅक्ट व्हेस्टचा मूळ उद्देश तरंगणं नाहीच. बरगड्यांना बसणारा मार पसरवून सौम्य करण्यासाठी तिच्यात पातळ फोमचे तुकडे शिवलेले असतात. फोम आहे म्हणून ती थोडीफार तरंगते. काही इम्पॅक्ट व्हेस्टना ५० न्यूटनचं प्रमाणपत्र असतं, पण बऱ्याच जणींच्या आतल्या पट्टीवर 'हे तरंगण्याचं साधन नाही' असं स्पष्ट छापलेलं असतं. दुकानात टांगलेल्या दोन्ही जवळपास सारख्याच दिसतात. आतली पट्टी उलटून बघणं हा एकच खात्रीचा मार्ग.

५ किलोची उचल कमी वाटते, पण हिशेब करून बघा. फुफ्फुसं हवेने भरलेली असताना माणूस पाण्यात जवळजवळ वजनरहित असतो. बुडतं ते श्वास सोडल्यावर, आणि मुख्यतः डोकं पाण्याबाहेर धरावं लागतं म्हणून. डोक्याचं वजन ४ ते ५ किलो. ते पाण्याबाहेर काढायचं म्हणजे तेवढीच जादा उचल कुठूनतरी आणायची, एरवी ती हातपाय मारून आणावी लागते. ५० न्यूटनची व्हेस्ट तेवढं काम अंगावर घेते आणि हातपाय मोकळे होतात.

वेटसूट, म्हणजे पाण्यात अंग उबदार ठेवणारा निओप्रीन या फेसाळ रबराचा सूट, त्याबद्दल इथेच सांगून टाकतो. ३ मिलिमीटरचा पूर्ण वेटसूटही दोन-तीन किलोची उचल देतो, त्यामुळे 'वेटसूट आहे, पुरे झालं' असं पुष्कळांना वाटतं. पण ती उचल घोट्यापासून मानेपर्यंत सारखी पसरलेली असते. पाय वर येतात, अंग आडवं होतं आणि तोंड वर राहील की खाली याची सूटला पर्वा नसते. शिवाय निओप्रीन जुनं झालं की त्यातले हवेचे बुडबुडे दबून जातात आणि उचल घटते. वर्ल्ड सेलिंग या शिडाच्या खेळांच्या जागतिक संघटनेच्या शर्यतींच्या नियमांतला नियम ४० सरळ सांगतो की वेटसूट आणि ड्रायसूट ही तरंगण्याची वैयक्तिक साधनं धरली जात नाहीत.

बोर्ड सुटतो तेव्हा

सर्फिंगमध्ये पायाला दोरी बांधतात, विंडसर्फिंगमध्ये सहसा नाही. त्याला कारण आहे. पडल्यावर शीड पाण्यात पसरतं आणि नांगरासारखं बोर्डला धरून ठेवतं. बोर्ड आणि रिग (शीड, त्याचा उभा दांडा म्हणजे मास्ट आणि हातात धरायचा आडवा दांडा म्हणजे बूम) जोडलेली असेपर्यंत बोर्ड दोन-चार हातांवरच राहतो.

सगळं अवलंबून असतं ते मास्टच्या बुडाशी असलेल्या लवचिक सांध्यावर. हा सांधा पॉलियुरेथेनच्या दांडीचा किंवा रबराचा असतो. उन्हाने, मिठाने आणि सततच्या वळण्याने त्याला आडव्या चिरा पडतात, बहुतेक वेळा धातूच्या टोपीला लागून, जिथे नजर सहज जात नाही. महिन्यातून एकदा तो ९० अंशांत वाकवून चारही बाजूंनी बघावा आणि चीर दिसली की बदलावा. सांध्याशेजारची सुरक्षा पट्टीही तपासावी. दांडी तुटली तरी ही पट्टी दोन्ही भाग धरून ठेवते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे मास्टच्या बुडातली खुंटी 'टक्' आवाज होईपर्यंत न बसवणं. किनाऱ्यावर सगळं ठीक वाटतं आणि पहिल्या जोरदार झोतात रिग निसटते.

सांधा तुटला की नांगर गेला. ६ ते १० किलोचा बोर्ड वाऱ्यावर सरपटत निघतो आणि थोड्याच वेळात कुठल्याही पोहणाऱ्यापेक्षा पुढे जातो. अशा वेळी शीड सोडायचं आणि बोर्डमागे जायचं, तेही लगेच. पहिल्या दहा-वीस सेकंदांत जे अंतर कापलं जातं तेच कामाचं. नंतर फक्त दम जातो.

या क्षणी पर्यायांमधला फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो. अंगावर काहीच नसेल तर पहिले वीस-तीस हात सगळ्यात वेगात मारता येतात. पण बोर्ड हुकला, तर पुढचा सगळा वेळ थकलेल्या अंगाने, हार्नेस (शिडाची ओढ अंगावर घेणारा, हुक असलेला पट्टा) आणि बुटांच्या ओझ्यासकट, पाण्यात उभं राहून काढायचा असतो. पातळ इम्पॅक्ट व्हेस्टमध्ये पोहणं फारसं अडत नाही, पण प्रमाणपत्र नसेल तर नंतरचा आधार किती हे कुणी सांगू शकत नाही. ५० न्यूटनच्या चांगल्या कापाच्या व्हेस्टमध्ये हात पूर्ण फिरतात. पाण्याचा अडथळा जाणवतो, वेग घटतो, पण पालथं पोहता येतं आणि थकल्यावर उताणं पडून श्वास घेता येतो. १०० किंवा १५० न्यूटनच्या जॅकेटमध्ये पालथं पोहणं जवळपास अशक्य होतं. ते तुम्हाला सतत उताणं करू बघतं, कारण तेच त्याचं काम आहे. म्हणजे बोर्ड गाठायची शक्यता घटते आणि वाट बघायची क्षमता वाढते.

माझं मत ५० न्यूटनच्या बाजूने आहे. बोर्ड गाठण्याची संधी एकदाच मिळते आणि काही सेकंदांची असते, न गाठल्यानंतरचा काळ तासांचा असू शकतो. व्हेस्ट दोन्हींत उपयोगी राहते. एक मात्र पक्कं, वेगात पोहता यावं म्हणून पाण्यात व्हेस्ट काढून टाकायची नाही. ओल्या बोटांनी ती परत चढवता येत नाही.

पाणी गार असेल तर या चर्चेला फारशी जागा उरत नाही. साधारण १५ अंश सेल्सिअसच्या खालच्या पाण्यात अचानक पडल्यावर शरीर आपोआप मोठा श्वास आत ओढतं आणि पुढचं मिनिटभर श्वास आवरत नाही. त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर उत्तम पोहणाऱ्याच्याही नाकातोंडात पाणी जातं. थंड पाण्यातल्या बचावासाठी १-१०-१ हा क्रम शिकवतात. श्वास ताब्यात आणायला १ मिनिट, हातापायांच्या उपयोगी हालचालींना साधारण १० मिनिटं आणि गारठ्याने शुद्ध हरपायला साधारण १ तास. बुडण्याच्या बऱ्याच घटना त्या शेवटच्या तासापर्यंत पोचतच नाहीत, पहिल्या दोन टप्प्यांतच होतात. चांगला वेटसूट हा धक्का सौम्य करतो, पण बोटं गारठणं थांबवत नाही, आणि गारठलेली बोटं बोर्डची कडाही धरू शकत नाहीत.

शिडाखाली अडकण्याचा आक्षेप

व्हेस्ट नको म्हणणाऱ्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा हा. ५ ते ७ चौरस मीटरचं शीड अंगावर पडतं, खालून व्हेस्ट वर ढकलते आणि माणूस शिडाला चिकटून राहतो. बुडी मारून बाहेर पडता येत नाही. ही भीती खोटी नाही. ओलं शीड पाण्याला कागदासारखं चिकटतं.

पण हा धोका सगळ्या पर्यायांना सारखा लागू होत नाही. ५० न्यूटनच्या व्हेस्टसह बुडी मारणं अवघड असतं, अशक्य नसतं. आणि मुळात बुडी मारायची गरजच क्वचित पडते. एक हात डोक्यावर सरळ वर करून शीड उचललं की खाली हवेचा कप्पा तयार होतो. तिथे श्वास घ्या. मग हाताला लागेल ती शिवण किंवा बॅटन (शिडातली ताठ पट्टी) पकडा आणि दिशा न बदलता तिच्या काठाकाठाने सरका. एका दिशेने गेलात तर तीन-चार हातांत कड लागतेच. घाबरून दिशा बदलत राहिलं तरच शीड संपत नाही. बूमपाशी शीड थोडं उचललेलं असतं, तिथेही तोंड बाहेर काढण्याइतकी जागा बहुधा मिळते. ही गोष्ट छातीइतक्या पाण्यात, सोबत कुणीतरी उभं असताना, ठरवून पाच-सहा वेळा करून बघावी. त्यानंतर भीती बरीच उतरते.

१०० न्यूटनच्या पुढे मात्र हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. जाड कॉलर शिडाला आणि बूमच्या दोऱ्यांना अडकते, मान वळत नाही, बुडी मारणं तर सोडाच. बेशुद्धावस्थेत तारणारी रचना शुद्धीवर असलेल्या विंडसर्फरच्या हालचाली बांधून टाकते. जास्त न्यूटन म्हणजे जास्त सुरक्षित हे समीकरण या खेळात मोडतं ते इथे.

शिडापेक्षाही जास्त काळजी हार्नेसच्या हुकाची करावी. वेगात पडताना अंग गरकन फिरतं आणि बूमवरची दोरी हुकाला पीळ देऊन बसते. तेव्हा ओढाताण करायची नाही. अंग बूमच्या जवळ न्यायचं म्हणजे दोरी सैल पडते आणि पीळ उलटा फिरवून हुक सोडवता येतो. तरीही सुटलं नाही तर हुकाच्या दांडीचं बकल उघडून हार्नेसमधूनच बाहेर पडायचं. यासाठी बकल हाताला न बघता सापडलं पाहिजे. व्हेस्टची खालची कड त्यावर लोंबत असेल तर ती व्हेस्ट, लेबलवर काहीही छापलेलं असो, तुमच्यासाठी चुकीची आहे.

हार्नेसशी जुळणं

बहुतेक लोक व्हेस्ट वापरणं सोडतात ते न्यूटनमुळे नव्हे, हार्नेसशी होणाऱ्या भांडणामुळे. सीट हार्नेसमध्ये हुक खाली, ओटीपोटाशी असतो, त्यामुळे वर कुठलीही आखूड व्हेस्ट चालून जाते. कमरेच्या हार्नेसची गोष्ट वेगळी. त्याचा पट्टा बरगड्यांच्या खालच्या टोकापासून कमरेपर्यंतची जागा घेतो आणि व्हेस्टचा खालचा फोम नेमका तिथेच येतो. फोमवरून हार्नेस बांधला तर तो घसरत काखेपर्यंत चढतो. हार्नेसवरून व्हेस्ट घातली तर हुक झाकला जातो, आणि पाण्यात पडल्यावर व्हेस्ट हनुवटीकडे सरकते.

मार्ग दोन आहेत. एक, बरगड्यांच्या खालच्या टोकालाच संपणारी आखूड व्हेस्ट. दुसरा, खालच्या पट्ट्यात फोम नसलेली किंवा अगदी पातळ असलेली व्हेस्ट, जिच्यावर हार्नेस सपाट बसतो. पुढे जाड चेन, खिसा किंवा मोठी बकलं असलेली व्हेस्ट टाळावी. कायाकसाठीच्या व्हेस्टमध्ये छातीवर फुगीर खिसे असतात. पाण्यातून बोर्डवर चढताना ते बोर्डच्या कडेला अडकतात आणि माणूस पुन्हा मागे घसरतो. बाजूने किंवा डोक्यावरून चढवायची, पुढून सपाट असलेली व्हेस्ट या कामाला उत्तम. पट्ट्यांची लोंबती टोकं आत खोचावीत, नाहीतर हार्नेसची दोरी त्यांच्यातच अडकते.

विकत घेण्यापूर्वी जमिनीवर एक चाचणी करा. हार्नेस आणि व्हेस्ट दोन्ही घालून हुक एखाद्या मजबूत आडव्या दांडीला बांधलेल्या दोरीत अडकवा आणि मागे रेलून पूर्ण भार द्या. हनुवटीला फोम लागतो का, हार्नेस वर सरकतो का, डोळे मिटून एका हाताने बकल सापडतं का? तीन मिनिटांत कळतं.

वॉटरस्टार्टमध्ये, म्हणजे पाण्यात असतानाच शीड वाऱ्यात धरून त्याच्या ओढीने बोर्डवर उभं राहताना, व्हेस्ट मदत करते की अडवते यावर दोन्ही बाजूंनी बोललं जातं. शिकत असताना मदतच जास्त. मास्ट उचलून वाऱ्याची वाट बघताना पाय मारावे लागत नाहीत. अडचण येते ती शेवटच्या क्षणी, मागचा पाय बोर्डवर ठेवून अंग गोळा करायचं असतं तेव्हा. जाड छातीमुळे गुडघा जवळ येत नाही आणि अंग मागे कलंडतं. फोम पाठीवर आणि छातीच्या वरच्या भागात असेल तर हा त्रास फार कमी होतो.

इथे एक उलटं वाटणारं सत्य सांगायला हवं. व्हेस्टची गरज नवशिक्यापेक्षा सराईताला कमी असते असं मानलं जातं. बोर्डकडे बघितलं तर चित्र वेगळं दिसतं. नवशिक्याच्या २०० लिटरच्या बोर्डवर बसून डबा खाता येईल. ८५ किलोचा सराईत माणूस ८० लिटरचा बोर्ड घेऊन जातो तेव्हा बोर्ड, रिग आणि ओले कपडे धरून एकूण भार १०० किलोच्या वर जातो. वारा पडला की हा बोर्ड त्याला पेलत नाही, दोरीने शीड उचलताही येत नाही आणि वॉटरस्टार्टला लागेल इतका वारा नसतो. उरतं ते बोर्डला धरून पाण्यात लोंबकळणं, किंवा शीड मास्टला गुंडाळून बोर्डवर पालथं पडून वल्हवत येणं. शीड सोडून गुंडाळायला दोन्ही हात लागतात, गाठी सोडवायला वेळ लागतो आणि त्या सगळ्या वेळात तोंड पाण्याबाहेर ठेवायला कुणीतरी हवं. ते काम व्हेस्ट करते.

मार, आणि शुद्ध हरपणं

हार्नेस अडकलेला असताना मागचा हात सुटला किंवा बोर्डचं नाक पाण्यात घुसलं की माणूस शिडासकट पुढे फेकला जातो. छाती बूमवर, मास्टवर किंवा बोर्डच्या नाकावर आपटते. बरगड्यांची दुखापत बऱ्याचदा इथेच होते. इम्पॅक्ट व्हेस्टचं खरं काम हेच, आणि ते ती चांगलं करते. ५० न्यूटनची व्हेस्टही मार शोषते. फोम जाड असतो, फक्त तो बरगड्यांच्या बाजूंना बहुधा नसतो. फॉइलवर, म्हणजे बोर्डला पाण्याच्या वर उचलणाऱ्या पंखांवर, जाणाऱ्यांनी बाजूंचा फोम असलेलीच व्हेस्ट घ्यावी. तिथे उंचीवरून पडावं लागतं आणि खाली पातळ कडेचे पंख असतात.

डोक्याला मार लागून शुद्ध गेली तर? ५० न्यूटनची व्हेस्ट तोंड वर करणार नाही, हे पुन्हा सांगावंसं वाटतं, कारण विकणारे ते क्वचितच सांगतात. १०० न्यूटनचं जॅकेटही वेटसूट आणि हार्नेस अंगावर असताना उताणं करेलच याची हमी नाही. सूट पाय वर उचलतो आणि वळण्याचा तोल बिघडवतो. म्हणून या धोक्यावर उत्तर जॅकेटचं नाही, हेल्मेटचं आणि नजरेच्या टप्प्यात असलेल्या सोबत्याचं आहे. व्हेस्टचा वाटा एवढाच की अंग पृष्ठभागावर राहतं आणि सोबत्याला सापडतं. तो वाटा छोटा नाही.

फुटणाऱ्या मोठ्या लाटांमध्ये मात्र हिशेब पालटतो. अंगावर येणाऱ्या फेसाळ भिंतीखालून बुडी मारून निसटणं हाच तिथला बचाव असतो, आणि जास्त तरंगणारा माणूस लाटेच्या सगळ्यात जोरदार थरात अडकून घुसळला जातो. लाटांवर जाणारे निष्णात लोक पातळ इम्पॅक्ट व्हेस्ट घालतात ते यासाठी. त्यांची निवड बघून सपाट पाण्यावरच्या माणसाने तीच करू नये.

फुगणारी जॅकेटं

पाणी लागताच आपोआप फुगणारं जॅकेट विंडसर्फिंगसाठी बाद. इथे पडणं हा खेळाचाच भाग आहे, ते पहिल्याच पडण्यात फुगेल, आणि फुगलेल्या जॅकेटसह शिडाखाली असणं ही वर सांगितलेल्या अडचणीची सगळ्यात वाईट आवृत्ती. हाताने ओढून फुगवायचा कमरेचा पट्टा हा दुसरा प्रकार. त्यात कार्बन डायऑक्साइडची छोटी नळकांडी असते. ३३ ग्रॅमची नळकांडी साधारण १७-१८ लिटर वायू देते, म्हणजे १५० न्यूटनच्या जॅकेटला पुरेल इतका. हा पट्टा हालचाल अजिबात अडवत नाही, पण ओढायला शुद्ध आणि चालती बोटं लागतात, फुगल्यावर तो डोक्यातून घालावा लागतो, आणि कमरेवर हार्नेस असेल तर त्याला जागाच उरत नाही. वापरायचाच तर सीट हार्नेससोबत, आणि लांबच्या पल्ल्याला जादा आधार म्हणून. दर मोसमात नळकांडी काढून तिचं वजन तिच्यावर छापलेल्या आकड्याशी ताडून बघावं आणि गंज आला असेल तर बदलावी.

कुणी काय घ्यावं

शिकणाऱ्याने ५० न्यूटनची प्रमाणित व्हेस्ट घ्यावी. हार्नेस अजून नसतो, त्यामुळे कुठल्याही कापाची चालते. अजिबात पोहता येत नसेल तर आधी पोहणं शिकावं. ५० न्यूटनची व्हेस्ट पोहता येणाऱ्यांसाठीच बनवलेली असते, आणि १०० न्यूटनचं जॅकेट घालून शीड चालवणं जमत नाही. लहान मुलांसाठी वजनाचा पट्टा नेमका जुळणारी आणि पायांमधून जाणारा पट्टा असलेली व्हेस्ट घ्यावी. 'पुढच्या वर्षी बसेल' म्हणून मोठी घेतलेली व्हेस्ट पाण्यात कानांवरून निघून जाते.

हार्नेस वापरून वेगात जाणाऱ्या, सपाट किंवा किंचित खवळलेल्या पाण्यावरच्या माणसाला आखूड, सपाट छातीची, ५० न्यूटन प्रमाणित इम्पॅक्ट व्हेस्ट सगळ्यात योग्य. ती महाग पडते, पण दोन्ही कामं करते. किनाऱ्याकडून पाण्याकडे वारा असेल, एकटं जायचं असेल किंवा पाणी गार असेल तर प्रमाणपत्र नसलेल्या व्हेस्टवर भागवू नये. शर्यतीत उतरणाऱ्यांना फारसा पर्यायच नसतो. परिस्थितीला पुरेसं तरंगण्याचं साधन घालण्याची जबाबदारी नियमाने स्पर्धकाची स्वतःची असते, आणि आयोजकांनी वाय अक्षराचा झेंडा लावला की ते घालणं सक्तीचं होतं. इतर वेळी कायदा काय म्हणतो हे प्रत्येक पाण्यावर वेगळं असतं, ते जाण्यापूर्वी विचारून घ्यावं.

काहीच न घालणं मला एकाच परिस्थितीत पटतं. कोमट, कमरेइतकं पाणी, वारा किनाऱ्याकडे आणि कुठेही पडलं तरी पाय टेकतात. तिथेही बरगड्यांसाठी इम्पॅक्ट व्हेस्ट घातली तर बिघडत काहीच नाही.

रंग काळा नको. पाण्यात पडलेल्या माणसाचं डोकं आणि खांदेच दिसतात, आणि बचाव नौकेवरून काळे खांदे लाटांच्या सावलीत हरवतात. नारिंगी, पिवळा किंवा झगझगीत हिरवा घ्यावा आणि खांद्याजवळ शिट्टी बांधून ठेवावी. दोन्ही हात बाजूंना पसरून सावकाश वर-खाली करणं ही मदत मागण्याची आंतरराष्ट्रीय खूण आहे. व्हेस्ट अंगावर असेल तरच दोन्ही हात त्यासाठी मोकळे मिळतात.

माप आणि वर्षातून एकदाची चाचणी

छातीचा घेर वेटसूट घालून मोजा. सगळे पट्टे आवळल्यावर कुणालातरी खांद्यांच्या पट्ट्यांना धरून वर ओढायला सांगा. व्हेस्ट हनुवटीच्या वर चढली तर एक माप लहान घ्या. मग छातीइतक्या पाण्यात पाय उचलून स्थिर राहा आणि श्वास पूर्ण सोडा. तोंड बाहेर राहिलं पाहिजे.

फोम कायम टिकत नाही. व्हेस्टवर बसलं, ती सामानाखाली दाबून ठेवली, उन्हात वाळवली की तो दबतो आणि आक्रसतो. गोड्या पाण्याने धुऊन सावलीत, रुंद टांगणीवर वाळवावी. वर्षातून एकदा ५० न्यूटनच्या प्रौढ व्हेस्टला लोखंडी वजनं बांधून पिंपात सोडा. लोखंड पाण्यात आपल्या वजनाच्या सातवा ते आठवा हिस्सा हलकं होतं, त्यामुळे पूर्ण ५० न्यूटन उचलीची धड व्हेस्ट ५.५ किलो लोखंड तरंगवते. आधी व्हेस्ट पाण्याखाली दाबून कापडात अडकलेली हवा पिळून काढा, नाहीतर फसवा निकाल मिळेल. अर्धा तास तशीच ठेवा. लगेच बुडाली तर फोम गेला आहे, हळूहळू बुडाली तर फोम पाणी पितो आहे. दोन्ही बाबतीत ती व्हेस्ट कापून टाकावी, म्हणजे दुसरं कुणी उचलून घालणार नाही.